लॅबमधली हरवलेली मॅन पेजेस : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

साडेदहाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या मॅडम लॅबमध्ये आल्या. म्हणाल्या, "मुलांना फोर्कचं मॅन पेज उघडत नाहीये. प्रॅक्टिकल ४ मार्चला आहे. तुम्ही जरा बघता का?"

आमच्याकडे प्रॅक्टिकलला नेट बंद असतं आणि मोबाईल बाहेर ठेवावे लागतात. मुलांच्या हाताशी मदतीला राहतात ती फक्त मशीनवरची मॅन पेजेस, म्हणजे कमांड आणि फंक्शनच्या माहितीची, मॅन कमांडने उघडणारी पानं. ती नसतील तर ज्याला सगळं पाठ आहे तो तरतो आणि ज्याला समजतं पण फंक्शनला काय काय द्यायचं ते आठवत नाही, तो अडकतो. ही परीक्षा पाठांतराची नाही. त्यामुळे आज बाकीची कामं बाजूला ठेवली.

लॅबमध्ये ४० मशीन आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ लिनक्स. शिवाय एक सर्व्हर आहे, त्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला उबंटू २२.०४ लिनक्सच्या इमेजवरून (तयार साच्यावरून) बनवलेला डॉकर कंटेनर, म्हणजे स्वतःची वेगळी छोटी सिस्टिम, मिळतो. दोन्हीकडे एकेक चक्कर मारली.

डेबियनवर मॅन एलएस उघडतं. मॅन फोर्क दिलं की 'नो मॅन्युअल एन्ट्री फॉर फोर्क'. मॅन जीसीसी (सी कंपायलर), तेच. मॅन सीडी (डिरेक्टरी बदलायची कमांड), तेच. कंटेनरमध्ये मात्र काहीच उघडत नाही, मॅन एलएससुद्धा नाही. म्हणजे दुखणं एक नाही, निदान दोन तरी आहेत.

ही वही पुढे लॅब असिस्टंट वापरतील, म्हणून कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशाच देवनागरीत लिहितोय. मोठं अक्षर लागेल तिथे तसं लिहीन.

आजच एक पद्धत ठरवून टाकली. पान दिसत नाही म्हटलं की तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे: पान डिस्कवर आहे का? मॅन ती जागा बघतो का? बघितली तर त्याला ते वाचता येतं का? यातलं कुठलं उत्तर 'नाही' आहे ते कळेपर्यंत काहीही इन्स्टॉल करायचं नाही. घाईने पाच पॅकेजेस टाकली की पान दिसायला लागतं, पण कशाने दिसलं ते कळत नाही आणि उरलेल्या ३९ मशीनवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सीडीचा निकाल लगेच लागला. टाइप सीडी विचारलं तर शेल (आपण दिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) सांगतं की ही कमांड माझ्या पोटातलीच आहे. तिची वेगळी फाइल नाही, म्हणून वेगळं पानही नाही. हेल्प सीडी म्हटलं की माहिती येते. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

डेबियन मशीनवरचं फोर्क. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'नाही'. /यूएसआर/शेअर/मॅन/मॅन२ ही डिरेक्टरी जवळजवळ रिकामी. मॅन्युअलचे आकड्यांनी ओळखायचे विभाग असतात: पहिल्यात कमांड, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात लायब्ररीची फंक्शन. फोर्क (नवीन प्रोसेस बनवणारी) ही सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागितलेलं काम, तिचं पान दुसऱ्या विभागात असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागातली ही पानं मॅनपेजेस-डेव्ह नावाच्या पॅकेजमधून येतात आणि ते पॅकेजच नव्हतं.

का नव्हतं, हे शोधायला थोडा वेळ गेला. सी कंपायलरसोबत लिबसी६-डेव्ह लागतं आणि ते मॅनपेजेस-डेव्हची शिफारस करतं. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. जागा आणि वेळ वाचवायला आमच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये 'शिफारस केलेली पॅकेजेस नकोत' हा पर्याय गेली दोन वर्षं आहे. हेडर फाइल्स आल्या, लायब्ररी आल्या, त्यांचं पुस्तक दाराबाहेर राहिलं. स्क्रिप्टमध्ये पॅकेजचं नाव स्पष्टपणे घातलं.

यातून एक गोष्ट निघाली जी मला नुसत्या गायब पानापेक्षा जास्त गंभीर वाटते. मॅन प्रिंटएफ दिलं की पान उघडतं, पण ते पहिल्या विभागातलं, शेलच्या प्रिंटएफ कमांडचं. सी मधल्या प्रिंटएफचं पान तिसऱ्या विभागात. किलचं तसंच: पहिल्यात कमांड, दुसऱ्यात सिस्टिम कॉल. स्लीपचं पहिल्यात कमांड, तिसऱ्यात सी चं फंक्शन. मॅनपेजेस-डेव्ह नसताना मुलगा मॅन किल देतो, समोर काहीतरी येतं, आणि हेच आपलं पान असं धरून तो त्यातले पर्याय सी च्या प्रोग्रॅममध्ये वापरायला बघतो. 'पान नाही' हा निरोप निदान खरं सांगतो. चुकीचं पान मुकाट्याने दिशाभूल करतं. म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: विभागाचा आकडा द्या. मॅन २ किल. मॅन ३ प्रिंटएफ. आणि सगळ्याच विभागांतली पानं एकामागून एक बघायची असतील तर मॅन -ए.

ही विभागणी किती जुनी आहे ते मुलांना सांगावंसं वाटतं. युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची. तिच्यातही कमांड पहिल्या विभागात, सिस्टिम कॉल दुसऱ्यात, फोर्क तिथेच. पानावर 'बग्ज' असा मथळा असे आणि मालक म्हणून माणसाचं नाव असे. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने त्यातल्या उणिवा स्वतःच्या नावाखाली लिहून ठेवायच्या. मला ही प्रथा फार मोलाची वाटते.

७ फेब्रुवारी, बुधवार

मॅन जीसीसी. इथे पान हरवलेलं नाही, जाणीवपूर्वक बाहेर ठेवलेलं आहे. जीसीसीचं मॅन्युअल ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली आहे आणि त्यात काही भाग बदलता येणार नाहीत अशी अट आहे. अशी अट असलेलं दस्तऐवजीकरण मुक्त मानायचं नाही, असं डेबियनने २००६ मध्ये मतदान घेऊन ठरवलं. म्हणून ते मुख्य रिपॉझिटरीत (पॅकेजच्या साठ्यात) नाही, नॉन-फ्रीमध्ये आहे. तत्त्व पटो न पटो, कारण मुलांना सांगायलाच हवं. 'पान नाही' यामागे तांत्रिक बिघाडच असतो असं नाही.

म्युटेक्सचा, म्हणजे एकाच वेळी चालणारे थ्रेड एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून घालायच्या कुलपाचा, प्रश्नही असाच. पीथ्रेड क्रिएटचं पान मॅनपेजेस-डेव्हमध्ये मिळालं, पण पीथ्रेड म्युटेक्स लॉकचं काही दिसेना. पॉझिक्स प्रमाणाची पानं मॅनपेजेस-पॉझिक्स-डेव्ह या पॅकेजात आहेत आणि तेही नॉन-फ्रीमध्ये. त्यांचा विभाग '३पॉझिक्स' असा लिहिलेला असतो. प्रॅक्टिकलमधले निम्मे प्रश्न म्युटेक्स आणि सेमाफोरचे असतात, त्यामुळे हे पॅकेज घ्यायचं ठरवलं.

नॉन-फ्री चालू करायचं तर विभागप्रमुखांना विचारावं लागतं. दुपारी अर्ज दिला. सरांनी एकच विचारलं, "यातून दुसरं काही आपोआप इन्स्टॉल होणार नाही ना?" नावाने सांगितलेली पॅकेजेसच घेणार असं लिहून दिलं. सही मिळाली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कंटेनर. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त शिकायलाही इथेच मिळालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कंटेनरमध्ये मॅन एलएस दिलं की पान न येता एक निरोप येतो: ही सिस्टिम लहान केलेली आहे, ज्या यंत्रावर माणूस लॉगिन करत नाही तिथे न लागणारा मजकूर काढून टाकला आहे, तो परत हवा असेल तर अनमिनिमाइझ चालवा. मुलांनी हा निरोप मला आधीच दाखवला होता. मी तो नीट वाचला नाही आणि थेट मॅन-डीबी (मॅन कमांड ज्यात येते ते) पॅकेज टाकलं. तरी तोच निरोप. कारण मॅन या नावाची तिथली फाइल म्हणजे मुळात एक छोटी स्क्रिप्ट आहे. खरा मॅन इन्स्टॉल केला की डीपीकेजी (पॅकेजेस उतरवणारा प्रोग्रॅम) त्याला वळवून दुसऱ्या नावाने बाजूला ठेवतं.

मग दुसरी चूक. डीपीकेजीला मोठा एल देऊन कोअरयूटिल्स (एलएस ज्यात येतं त्या) पॅकेजमधल्या फाइल्सची यादी मागितली. यादीत /यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१ मधलं एलएसचं पान व्यवस्थित दिसतंय. म्हटलं, पान तर आहे, म्हणजे दुसरा प्रश्न, मॅन ती जागा बघत नसणार. पाऊण तास पाथ तपासण्यात घालवला. शेवटी साधं एलएस करून त्या डिरेक्टरीत डोकावलो. फाइल नाही.

ही यादी म्हणजे पॅकेजमध्ये काय होतं त्याची नोंद. डिस्कवर आज काय आहे याची ती खात्री नाही. /ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी/एक्स्क्लूड्स या फाइलमध्ये 'पाथ-एक्स्क्लूड' ने सुरू होणाऱ्या ओळी आहेत. त्यातली एक सांगते की /यूएसआर/शेअर/मॅन खालचं काहीही उतरवायचं नाही. पॅकेज उघडताना डीपीकेजी ती पानं गाळतं, पण यादीत त्यांची नावं राहतात. म्हणून पहिल्या प्रश्नासमोर वहीत जाड अक्षरात लिहिलं: डिस्कवर आहे का, हे डिस्कलाच विचारायचं.

यात दोष कुणाचा नाही. कंटेनरमध्ये सहसा एकच सेवा चालते, तिथे बसून कुणी मॅन्युअल वाचत नाही, मग हजारो पानं कशाला वाहायची? लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यांतही अशीच सोय आहे. रेड हॅटच्या वळणाच्या कंटेनर इमेजमध्ये डीएनएफच्या (तिकडच्या पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये 'नोडॉक्स' लिहिलेलं असतं. अल्पाइनमध्ये पानं मुळातच '-डॉक' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजांत असतात आणि मॅन कमांडसाठी मॅनडॉक घ्यावं लागतं. चूक आमची. सेवेसाठी बनवलेली इमेज आम्ही शिकण्यासाठी वापरली आणि फरक लक्षात घेतला नाही.

उपायाचा क्रम महत्त्वाचा. आधी एक्स्क्लूड्सच्या ओळी काढायच्या, मग पॅकेजेस पुन्हा इन्स्टॉल करायची. उलट केलं तर सगळं डाउनलोड होतं, इन्स्टॉल झाल्याचं दिसतं आणि पानं पुन्हा गाळली जातात. अनमिनिमाइझ हेच नीट क्रमाने करतं: ओळी काढतं, ज्या पॅकेजांची पानं हवीत ती शोधून पुन्हा टाकतं, आणि वळवलेला मॅन जागेवर आणतं. ते मधे 'पुढे जायचं का' विचारतं, म्हणून डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) त्याला यस कमांडचं उत्तर जोडून दिलं. मॅन-डीबी वेगळं टाकावं लागतं. ही ओळ डॉकरफाइलमध्ये अगदी वर ठेवली, म्हणजे तिच्यानंतर येणाऱ्या पॅकेजांची पानं आपोआप येतील.

इमेज मोठी झाली. चालेल.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नवीन इमेज चालू. कंटेनरमध्ये फोर्क, एलएस, प्रिंटएफ सगळं उघडतंय.

तेवढ्यात लॅबमधल्या काकांनी हाक मारली. १७, १८ आणि २३ नंबरच्या मशीनवर मॅन एलएससुद्धा उघडत नाही. पाच तारखेला मी या मशीन तपासल्याच नव्हत्या, तेव्हा बिघाड जुना की नवा हे सांगता येत नाही. पान डिस्कवर आहे, यावेळी डिस्कलाच विचारलं. सुडो मॅन एलएस, म्हणजे रूट (मुख्य व्यवस्थापक) म्हणून, म्हटलं तर छान उघडतं. विद्यार्थ्याच्या खात्यातून नाही. सुडो पर्यावरणातले (एन्व्हायरन्मेंटमधले) बहुतेक चल, म्हणजे खात्यासाठी नावाने ठेवलेल्या सेटिंग, पुसून कमांड चालवतं, म्हणजे गडबड विद्यार्थ्याच्या पर्यावरणात असावी.

मॅनपाथ कमांड चालवली. तिने स्वच्छ सांगितलं की मॅनपाथ हा चल सेट आहे, म्हणून मी सेटिंगची फाइल बघत नाही. /ईटीसी/प्रोफाइल.डी मध्ये एक जुनी फाइल सापडली. नेटवर्क सिम्युलेटरसाठी तिच्यात मॅनपाथ म्हणून फक्त /ऑप्ट खालची एक जागा लिहिलेली. ती ओळ मीच दोन वर्षांपूर्वी लिहिली होती. सिम्युलेटरचं पान तेव्हा दिसलं, मला समाधान वाटलं, आणि बाकीची सगळी पानं झाकली गेली हे मी बघितलंच नाही.

मॅनपाथमध्ये जे लिहाल तेवढंच मॅन बघतो. त्याच्या टोकाला एक कोलन, म्हणजे दोन टिंबं, ठेवली तर त्या जागी नेहमीची यादी जोडली जाते. शेवटी कोलन असेल तर आपली जागा आधी आणि नेहमीची नंतर, सुरुवातीला असेल तर उलट. एवढ्या एका चिन्हासाठी तीन मशीनवरची मुलं दोन वर्षं मॅन पेजशिवाय बसली.

खरं तर तो चल लागतच नव्हता. पाथमध्ये (कमांड कुठे शोधायच्या त्या यादीत) /ऑप्ट/सिम्युलेटर/बिन असेल तर मॅन-डीबी शेजारची शेअर/मॅन डिरेक्टरी स्वतःहून शोधतं. ओळ पूर्ण काढून टाकली. सिम्युलेटरचं पानही दिसतंय, एलएसचंही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

दोन छोटी कामं.

सर्व्हरवर गिट (प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) सोर्समधून बांधलेलं आहे. गिट हेल्प रीबेस म्हटलं की पान नाही. गिटचं मेक इन्स्टॉल पानं टाकतच नाही. त्यासाठी मेक इन्स्टॉल-मॅन वेगळं चालवावं लागतं आणि ते चालायला अॅस्किडॉक व एक्सएमएलटीओ ही साधनं लागतात. तयार पानांची गिट-मॅनपेजेस ही रिपॉझिटरी शेजारी उतरवली असेल तर क्विक-इन्स्टॉल-मॅन वापरता येतं. तेच केलं.

दुसरं सबमिटचं. सबमिट ही आमची स्वतःची छोटी स्क्रिप्ट, प्रोग्रॅम जमा करायला. तिचं पान गेल्या वर्षीच्या मुलांनी लिहिलंय. सर्व्हरवर सुडो मॅन सबमिट उघडतं, नुसतं मॅन सबमिट नाही. मी लगेच मॅनपाथकडे धावलो, कारण परवाचं लक्षण हुबेहूब हेच होतं. मॅनपाथ कोरा. मग तिसरा प्रश्न आठवला: वाचता येतं का? एलएस -एलडी करून परवानग्या बघितल्या तर /यूएसआर/लोकल/शेअर/मॅन/मॅन१ या डिरेक्टरीत फक्त रूटला प्रवेश. सर्व्हरवर रूटचा युमास्क (नवीन फाइलवरून कुठल्या परवानग्या काढायच्या तो आकडा) ०७७ आहे, म्हणजे इतरांना काहीच परवानगी नाही, सुरक्षेसाठी आम्हीच तसा ठेवलाय. मी एमकेडीआयआर करून (डिरेक्टरी बनवून) पान कॉपी केलं तेव्हा डिरेक्टरी आणि फाइल दोन्ही बंद तयार झाल्या. मॅनला आत जाताच येत नाही, म्हणून तो सांगतो की पान नाही.

सगळ्यांना वाचता यावं म्हणून डिरेक्टरीला ७५५, पानाला ६४४ परवानगी दिली. उघडलं. तर सुडोने उघडतं आणि एरवी नाही, याला दोन कारणं असू शकतात: पर्यावरण किंवा परवानगी. आधी मॅनपाथ, मग एलएस -एलडी.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंतीची सुट्टी, लॅब रिकामी. काका आणि मी सकाळी मिरवणुकीला जाऊन आलो आणि अकराला सगळ्या मशीन चालू केल्या.

मॅडमनी अभ्यासक्रमातल्या ८६ नावांची यादी विभागाच्या आकड्यासकट दिली होती. स्क्रिप्ट एवढीच: प्रत्येक नावासाठी मॅन -डब्ल्यू. ते पान उघडत नाही, फक्त कुठे आहे तो पत्ता छापतं, आणि सापडलं नाही तर अपयशाचा कोड परत देतं. स्क्रिप्ट रूटमधून चालवायची नाही, विद्यार्थ्याच्याच खात्यातून, लॉगिन शेलमध्ये. बारा आणि चौदा तारखेनंतर यात तडजोड नाही.

३८ मशीन पहिल्या फटक्यात पास. ६ नंबरवर नवीन पॅकेजेस पोचलीच नव्हती, केबल सैल होती. ३१ नंबरवर पत्ता येतो पण पान कोरं. फाइलचा आकार शून्य. अपडेट चालू असताना गेल्या आठवड्यात लाइट गेली होती, त्यातलंच असणार. डीपीकेजीला मोठा व्ही देऊन मॅनपेजेस-डेव्ह पडताळलं, अशा अकरा फाइल्स निघाल्या. पॅकेज पुन्हा टाकलं. मॅन -डब्ल्यूला हे कळत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये फाइल धड आहे का ते तपासणाऱ्या जीझिप -टी ची ओळ वाढवली.

नंतर अॅप्रोपॉस सेमाफोर करून बघितलं. अॅप्रोपॉस म्हणजे शब्दावरून पान शोधणारी कमांड. कंटेनरमध्ये उत्तर: 'नथिंग अॅप्रोप्रिएट'. पानं आहेत पण त्यांची सूची बनलेली नाही. सूची बनवणारी मॅनडीबी कमांड चालवली, सूची तयार झाली, सेमाफोरची सगळी नावं आली. ज्याला फंक्शनचं नावच आठवत नाही त्याच्यासाठी हाच एक दरवाजा आहे, म्हणून हे डॉकरफाइलच्या शेवटी घातलं.

सूचीत सबमिट मात्र आलं नाही. लेक्सग्रॉग या कमांडने तपासलं: पानाच्या 'नेम' मथळ्याखाली नाव, डॅश आणि एका ओळीचं वर्णन हवं, मुलांनी तिथे सरळ परिच्छेद लिहिला होता. दुरुस्त केलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

सबमिटचं पान उघडून बसलोच होतो, तर ते मराठीतही लिहिलं. लोकेल (खात्याची भाषा) मराठी असेल तर मॅन आधी 'एमआर' नावाच्या डिरेक्टरीत पान शोधतो, नसेल तर इंग्रजीवर येतो. आमच्या मशीनवर त्या नावाची डिरेक्टरी कुठेच नव्हती, म्हणून /यूएसआर/लोकल/शेअर/मॅन/एमआर/मॅन१ बनवली, यावेळी परवानग्या बघून. 'नेम' हा मथळा इंग्रजीतच ठेवला, सूचीला अडचण नको म्हणून. बाकी वर्णन, पर्याय, उदाहरणं सगळं मराठीत. टर्मिनलचा फॉन्ट बदलल्यावर जोडाक्षरं नीट दिसली.

दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा शेजारी उभा राहून वाचत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं त्याने. मग म्हणाला, "सर, यात बग्ज नाहीये. फाइलच्या नावात स्पेस असली की सबमिट अडकतं, ते लिहायला पाहिजे ना?"

त्यालाच लिहायला बसवलं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

सराव परीक्षा. नेटवर्कची मुख्य केबल काढून ठेवली. तीन तासांत पान न उघडल्याची तक्रार एकच, वेटची: मॅन वेट दिलं तर पाहिजे ते येत नाही. मॅन २ वेट म्हणताच आलं.

मॅडमनी मधेच बोलावून एक स्क्रीन दाखवला. मुलीने फोर्कचं पान खाली 'रिटर्न व्हॅल्यू'पर्यंत नेलं होतं आणि बोट ठेवून वाचत होती: पालक प्रोसेसला नव्या मूल प्रोसेसचा क्रमांक, मूल प्रोसेसला शून्य, फसलं तर उणे एक. मग तिने स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये उणे एकची तपासणी वाढवली. ती वर्गातल्या नोट्समध्ये नाही.

४ मार्च, सोमवार

सकाळी साडेसातला स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ४० मशीन आणि कंटेनर, ८६ पैकी ८६. दहाला परीक्षा सुरू.

राहिलेलं: सबमिटमधली स्पेसची अडचण सोडवायची आणि मग पानातली ती बग्जची ओळ काढायची. त्या मुलाला गुरुवारी बोलावलंय.